सेगावच्या पाटलांचा नकार

एप्रिल १९३६. वर्ध्यापासून काही मैलांवरच्या सेगावात गावकरी जमले होते. गांधीजी तिथे राहायला येणार होते. गावाची बहुतांश मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन आधीच येऊन राहिल्या होत्या. गावाला न विचारता गांधीजी आले असते, तरी कोणी अडवले नसते. तरीही त्यांनी सगळे मोकळेपणाने गावापुढे मांडले. आपण अस्पृश्यता मनातून पूर्ण काढून टाकली आहे, सगळ्या जाती आपल्याला सारख्याच आहेत, आपल्या येण्याची काहींना धास्ती वाटते याचीही आपल्याला कल्पना आहे. मात्र आपली मते कोणावर लादणार नाही. बोलून, समजावून आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या वागण्यातून पटवू, तोवर गावाचे रस्ते झाडू, आजाऱ्यांची सेवा करू, असे ते म्हणाले. गावातले एक वयोवृद्ध पाटील त्यावर बोलले. तुमचे येणे भाग्याचे, पण अस्पृश्यतेच्या बाबतीत तुमच्यासोबत येणे आपल्याला जमणार नाही, असे त्यांनी भर बैठकीत सांगून टाकले.

गांधीजी त्याच गावात राहिले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

शाळा, पतसंस्था, रुग्णालय, जिनिंग किंवा सरकारी कार्यालय चालवणाऱ्या आणि तिथले वातावरण बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही बैठक नीट समजून घ्यावी. बदल आणणाऱ्याने हेतू लपवला नाही, आणि ज्याला तो बदल नको होता त्याला ते तोंडावर सांगता आले. आजच्या संस्थांमध्ये या दोन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत. हेतू परिपत्रकाच्या भाषेत गुंडाळला जातो आणि विरोध चहाच्या टपरीवर बोलला जातो. वरिष्ठांना वाटते सगळे राजी आहेत. सहा महिन्यांनी लक्षात येते की कागदावर सगळे बदलले आणि कामात काहीच बदलले नाही.

वर्धा जिल्हा या विषयाची मोठी प्रयोगशाळा आहे. माणसांनी एकत्र काम कसे करावे, कोणाला सोबत घ्यावे, निर्णय कसे व्हावेत, याचे जितके प्रयोग गेल्या शंभर वर्षांत या एका जिल्ह्यात झाले, तितके क्वचितच कुठे झाले असतील. काही टिकले, काही विरले. दोन्हींपासून घेण्यासारखे बरेच आहे.

नकार कसा ऐकावा

विरोध ऐकून घेतला तर बदल लांबतो, अशी अनेक व्यवस्थापकांची समजूत असते. अनुभव उलटा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात हारवूड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. बहुतेक कामगार स्त्रिया. शिलाईच्या पद्धतीत बदल झाला की काम मंदावायचे, कुरबुरी वाढायच्या, काही जणी नोकरी सोडून जायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे एक प्रयोग करून तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाला बदल नुसता सांगण्यात आला. इतर गटांना तो ठरवण्यातच सामील करून घेतले: एका गटाच्या वतीने प्रतिनिधी बसले, बाकीच्या गटांतल्या सगळ्याच जणी बसल्या. नुसते सांगितलेल्या गटातल्या १७ टक्के कामगारांनी पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडली आणि काम जुन्या पातळीवर आलेच नाही. सामील झालेल्या गटांतून कोणी गेले नाही. जिथे सगळ्याच जणी बसल्या होत्या तिथे काम लवकर सावरले आणि आधीच्याही पुढे गेले.

हा प्रयोग आपल्याकडे कसा वापरावा? पहिली गोष्ट, बैठक साहेबांच्या केबिनमध्ये घेऊ नये. तिथे खुर्च्या मोजक्या असतात आणि कोणी बसायचे, कोणी उभे राहायचे हे आधीच ठरलेले असते. बैठक कामाच्या जागी, कामाच्या वेळेत घ्यावी, आणि त्या वेळेचा रोज कापू नये. भाषा ज्याची त्याला बोलता यावी. वर्ध्यातल्या कारखान्यांत वऱ्हाडी बोलणाऱ्यांसोबत हिंदी बोलणारेही असतात. पहिल्यांदा सफाई कामगार, शिपाई, रोजंदार यांना बोलू द्यावे आणि वरिष्ठांनी शेवटी बोलावे. साहेब आधी बोलले की बाकीचे मान हलवण्यापलीकडे काही करत नाहीत.

जे आक्षेप येतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. मग तारीख सांगून, त्या तारखेला, प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावे. ‘हे मान्य’, ‘हे मान्य नाही, कारण असे’, ‘याचा निर्णय आपल्या हातात नाही’ अशी तीनच प्रकारची उत्तरे असतात. तिन्ही चालतात. उत्तरच न येणे मात्र चालत नाही, कारण मग दुसऱ्या बैठकीला लोक येतात पण बोलत नाहीत.

नकार ऐकणे म्हणजे नकारापुढे थांबणे नव्हे, हेही सेगावात दिसते. पाटलांना न पटणारी गोष्ट गांधीजींनी आश्रमात सोडली नाही. पाटलांवर सक्ती झाली नाही आणि आश्रमाच्या नियमात सूटही मिळाली नाही. संस्थाप्रमुखांना हा समतोल रोज सांभाळावा लागतो. एखाद्याला सहकाऱ्याची जात, धर्म, अपंगत्व किंवा स्त्री असणे मनातून पटत नसेल; त्याचे मन बदलायला वेळ लागेल. पण कामाच्या जागी त्याने कसे वागायचे हे पहिल्या दिवसापासून पक्के असले पाहिजे.

झाडू कोणाच्या हातात

जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले. ते त्यांच्या कुटुंबाचे मंदिर होते. विश्वस्तांना तयार करण्यात वेळ गेला, त्यांच्या स्वतःच्या समाजातून विरोध झाला. विनोबा भावे त्या प्रवेशाच्या वेळी सोबत होते. मंदिराबरोबर बजाजांनी आपल्या शेतांतल्या आणि बागांतल्या विहिरीही खुल्या केल्या. दुसऱ्याच्या मंदिरासमोर भाषण करण्यापेक्षा त्यांनी जे स्वतःच्या ताब्यात होते त्यापासून सुरुवात केली. संस्थेचे नेतृत्व करणाऱ्याकडेही अशा काही ‘विहिरी’ असतातच: स्वतःचे स्वच्छतागृह, स्वतःची गाडी, स्वतःचा वेगळा कप, बायोमेट्रिक हजेरीतून मिळालेली स्वतःची सूट. बदलाची घोषणा करण्यापूर्वी यांतली एक तरी गोष्ट सर्वांसाठी खुली करून पाहावी.

सेवाग्राम आश्रमात सफाई हे कोणा एकाचे काम नव्हते. पायखाना साफ करणे, दळणे, कातणे, स्वयंपाक हे सगळे वाटून होत असे. पुढे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या या बाईंनी वैद्यकीय महाविद्यालय शहरात न काढता खेड्यात काढले. नवीन विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, श्रमदान करायचे, मग तुकडीने एखादे गाव दत्तक घेऊन तिथल्या घरांशी नाते जोडायचे, अशी पद्धत तिथे बसवली. डॉक्टर होऊ घातलेली मुले शरीरशास्त्राआधी झाडू हातात घेतात.

आजच्या कार्यालयात प्रत्येकाने पायखाना धुवावा असा आग्रह कोणी धरणार नाही. तरी एक पाहणी प्रत्येकाने करावी: संस्थेत कमीपणाची समजली जाणारी कामे कोणती, आणि ती नेमकी कोणाकडे जातात? बैठकीत चहा कोण आणते? इतिवृत्त कोण लिहिते? शाळेत रांगोळी आणि स्वागतगीत नेहमी शिक्षिकांकडेच का? पतसंस्थेत थकबाकीदाराच्या घरी भर उन्हात कोणाला पाठवतात? ही यादी पाळीपाळीने फिरवली की आठवडाभरात कळते, कोणाला कसली लाज वाटते आणि कोण आजवर मुकाट्याने किती ओझे वाहत होते. व्याख्यान ठेवण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त उपयोगी आहे.

एकमताचा मोह आणि एकमताची ताकद

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. स्त्रियांनी स्वतः चालवलेला हा आश्रम. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या बहिणी शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई अशी कामे करत. ‘मैत्री’ हे मासिक तिथूनच निघे. निर्णय सर्वसंमतीने. बहुमताच्या जोरावर कोणाला मागे टाकायचे नाही, हा नियम.

सर्वसंमतीची ताकद मोठी आहे. ज्या निर्णयाला प्रत्येकाचा होकार आहे, त्याची अंमलबजावणी करायला कोणाच्या मागे लागावे लागत नाही. पण आश्रमात जे जमते ते कारखान्यात जसेच्या तसे जमणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. आश्रमातल्या बहिणी स्वेच्छेने आल्या होत्या आणि एकमेकींवर अवलंबून होत्या. कारखान्यात एकाच्या हाती दुसऱ्याचा पगार असतो. तिथे गप्प बसलेल्याला होकार समजणे हा अन्याय ठरतो. म्हणून संस्थेत सर्वसंमती मोजक्या विषयांसाठी राखून ठेवावी: पाळ्या कशा लावायच्या, सुट्ट्या कशा वाटायच्या, नवीन माणसाला कोणी शिकवायचे. बाकीचे निर्णय ज्याची जबाबदारी त्याने घ्यावेत आणि कारण सांगावे. सर्वसंमती हवी असेल तिथे ‘कोणाची हरकत आहे का?’ असा प्रश्न विचारू नये, त्याला उत्तर येत नाही. एकेकाला विचारावे, ‘यात तुमची अडचण कोणती होईल?’

दत्तपूरचा धडा

समावेशकतेची सर्वांत कठीण परीक्षा वर्ध्याने कुष्ठरोगाच्या बाबतीत दिली. या रोगाची भीती आणि किळस इतकी होती की घरचेही माणसाला बाहेर काढत. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. पुढे १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. येरवड्याच्या तुरुंगात ते आणि गांधीजी एकाच काळात होते. त्यांना कुष्ठरोग झाला होता. आश्रमात त्यांच्यासाठी कुटी उभी राहिली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामला पाहायला मिळते. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन उभे केले आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या हाती शेती, हातमाग, सुतारकाम दिले.

या सगळ्यांतून व्यवस्थापकाने घ्यायची गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. कुष्ठरोगाने हातापायांची संवेदना जाऊ शकते. रोग बरा होतो, पण बधिर झालेला हात बधिरच राहू शकतो. अशा माणसाला गरम भांडे धरताना चटका कळत नाही; हातोड्याच्या दांड्याने फोड आला तरी जाणवत नाही आणि त्याची जखम होते. म्हणून दांड्याला जाड रबर किंवा कापड गुंडाळायचे, पकड रुंद करायची, कपाला लाकडी किंवा कापडाची मूठ लावायची, पायांत मऊ रबराच्या तळाची चप्पल द्यायची, दिवसाच्या शेवटी हातपाय नजरेने तपासायची सवय लावायची. एवढे केले की तो माणूस इतरांइतकेच काम करतो. यात दया कुठेच नाही. अवजार माणसाला जुळवून घेतले आहे, इतकेच. शेतीत हेच सहज केले जाते. डावखुऱ्या मजुराला कोणी विळा उजव्या हाताने धरायला लावत नाही.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याच दिशेने बोलतो. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचाही त्यांत समावेश आहे. शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आले, तर शासकीय आस्थापनेला त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. जमणारे दुसरे काम त्याच पगारात द्यावे लागते. समान संधीचे धोरण लिहून प्रसिद्ध करणे हे मात्र खासगी आस्थापनांनाही लागू आहे. धोरण लिहिताना इंटरनेटवरचा मसुदा उतरवून काढू नये. आपल्या संस्थेत कोणती कामे आहेत, प्रत्येक कामाला शरीराची कोणती क्षमता खरोखर लागते, आणि ती नसेल तर काय बदलता येईल, एवढे तीन रकाने भरले तर धोरण आपोआप तयार होते.

कायदा बदलायला आणि समाज बदलायला किती काळ लागतो, याची एक खूण सांगण्यासारखी आहे. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये काढले गेले. औषधाने रोग पूर्ण बरा होऊ लागल्याला तेव्हा अनेक दशके उलटली होती.

याच क्षेत्रात संस्थेने स्वतःला कसे बदलावे याचाही नमुना वर्ध्यात आहे. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ मध्ये वर्ध्याला स्थापन झाले. त्या काळी कुष्ठरोगाचे काम म्हणजे वसाहत: रुग्ण शोधायचे, वेगळे ठेवायचे. प्रतिष्ठानाने डॉ. वर्देकरांच्या पुढाकाराने उलटी दिशा धरली. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरी राहूनच उपचार. वसाहतीच्या इमारती, तिथला कर्मचारीवर्ग, देणगीदारांच्या मनातले सेवेचे चित्र, हे सगळे जुन्या पद्धतीच्या बाजूने असताना हा निर्णय झाला. रुग्णाला घरातून न तोडणे हे उद्दिष्ट पक्के होते, म्हणून पद्धत सोडणे त्यांना जमले. ज्या संस्थेला आपले उद्दिष्ट आणि आपली पद्धत यांतला फरक माहीत नसतो, तिला कुठलाही बदल अस्तित्वावरचा घाला वाटतो.

ज्वारीची वर्गणी

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या खेड्यांत आरोग्य विम्याची एक योजना रुजवली. वर्गणी पैशांत घेत नसत. सुगी झाली की ज्वारीच्या रूपाने घेत. ज्याची शेती जास्त त्याची वर्गणी जास्त, भूमिहीनाची कमी. उपचार मात्र सर्वांना एकाच दर्जाचे. आणि एक अट: गावातली निदान ७५ टक्के घरे सामील झाली तरच ते गाव योजनेत.

यातल्या तीन गोष्टी कामाच्या जागी उपयोगी पडतात. वर्गणी सुगीला घेतली, कारण शेतकऱ्याच्या घरात धान्य तेव्हाच असते. योजनेचे वेळापत्रक माणसाच्या वर्षाप्रमाणे आखले गेले. आपल्या संस्थांत उलट होते. महत्त्वाची बैठक संध्याकाळी सहाला ठेवतात आणि समुद्रपूर किंवा आष्टीकडे जाणाऱ्या बाया शेवटच्या एसटीकडे डोळे लावून बसतात. प्रशिक्षण नेमके पेरणीच्या आठवड्यात येते. मग ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ अशी नोंद अहवालात होते. एसटीचे वेळापत्रक, शाळेची वेळ, नळ येण्याची वेळ, पेरणी आणि कापूसवेचणीचे दिवस, हे सगळे एका कागदावर मांडून पाळ्या आणि बैठका ठरवल्या, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

ऐपतीप्रमाणे वर्गणी हे तत्त्व बदलाच्या ओझ्यालाही लागू आहे. नवीन संगणक प्रणाली आली की तिचा त्रास सर्वांत जास्त खालच्या पायरीवर पडतो: जुने रजिस्टरही भरा आणि नवीन नोंदही करा. जुने कधी बंद होणार हे कोणी सांगत नाही. बदल आणणाऱ्याने सुरुवातीलाच एक काम कमी करून दाखवावे. नवीन काही मागण्याआधी जुने काय थांबवणार, हे तारखेसह सांगावे.

आणि ७५ टक्क्यांची अट. चार उत्साही घरांवर योजना सुरू झाली असती, तर ती त्या चारच घरांची राहिली असती. अट असल्यामुळे शेजाऱ्याने शेजाऱ्याला समजावले. संस्थेतही प्रायोगिक बदल नेहमीच्या लाडक्या माणसांवर सुरू करू नये. एक पूर्ण विभाग, एक पूर्ण पाळी, तिथल्या कुरकुऱ्या माणसांसकट घ्यावी.

चूक सांगणाऱ्याचे काय होते

जुळवून घेणारी संस्था कशी ओळखावी? तिथे वाईट बातमी वर किती लवकर पोहोचते यावरून. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास केला. औषध देण्यातल्या चुका चांगल्या पथकांत कमी असतील असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले. चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडवल्या जात.

म्हणून ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि व्यवस्थापकांनी जरा थांबावे. तक्रार नसणे ही बहुधा भीतीची खूण असते. एखाद्याने आपली किंवा यंत्रणेची चूक सांगितली, तर त्याच क्षणी वरिष्ठ काय बोलतात याकडे सगळ्या कार्यालयाचे कान असतात. ‘बरे झाले सांगितले, आता काय करूया’ एवढे एक वाक्य सवयीने यायला हवे. चौकशी नंतर होऊ शकते.

एक बाब मात्र ऐच्छिक नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो की दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य संस्थेबाहेरची व्यक्ती. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते. समिती नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवर कडक ताशेरे ओढले. दहापेक्षा कमी माणसे असलेले दुकान, दवाखाना, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या बाईलाही तो मार्ग खुला आहे. ही माहिती वर्ध्यातल्या किती कपडा दुकानांत काम करणाऱ्या मुलींना असेल, याचा विचार अस्वस्थ करतो.

जे विरले त्याचे कारण

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम देशभर पोहोचली. हाताने काम करत शिकायचे, श्रमाला आणि पुस्तकाला सारखाच मान. आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामला तो प्रयोग जीव ओतून चालवला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत तो मुख्य प्रवाहातून बाजूला पडला.

कल्पना खोटी नव्हती. तिच्या भोवतालचे काहीच बदलले नाही. परीक्षा पुस्तकाचीच राहिली, नोकरी पदवीलाच मिळत राहिली, पगार हाताने काम करणाऱ्याला कमीच राहिला. पालकांनी जे पाहिले त्याप्रमाणे ते वागले. संस्थांमधले बहुतेक बदल याच कारणाने मरतात. भिंतीवर सहकार्याचे फलक लागतात आणि बढती दुसऱ्याला मागे खेचणाऱ्याला मिळते. सर्वसमावेशकतेची शपथ घेतली जाते आणि वार्षिक मूल्यांकनाच्या नमुन्यात त्याचा एकही रकाना नसतो. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा कायद्याने दिली जाते आणि परतलेल्या बाईचे टेबल दुसऱ्याला गेलेले असते. ज्याला बदल खरोखर हवा आहे त्याने बढती, बदली, पगारवाढ आणि कामाचे वाटप यांचे नियम आधी हातात घ्यावेत.

सेवाग्रामच्या त्याच परिसरात २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सफाई, कताई यांतून शिकवणारी, मराठी माध्यमाची आणि राज्याचा अभ्यासक्रमही सांभाळणारी. जुन्या कल्पनेने नव्या काळाची अट मान्य केली आणि ती पुन्हा उभी राहिली.

हंगामाआधी

हिंगणघाट, वर्धा, आर्वी, देवळी, पुलगाव इथल्या जिनिंग मालकांना आणि व्यवस्थापकांना विशेष विनंती. दसरा-दिवाळीला कापूस येऊ लागतो आणि मग मार्च उजाडेपर्यंत कोणाला बोलायलाही उसंत नसते. म्हणून बोलण्याचे काम सप्टेंबरातच करायला हवे. कामावर येणाऱ्या बायांना आणि परराज्यांतून येणाऱ्या मजुरांच्या मुकादमांना हंगामाआधी एकदा बोलावून बसवा. पिण्याचे पाणी, बायांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह, उडणाऱ्या रुईपासून नाकातोंडाला आडोसा, रात्रपाळीनंतर घरी पोहोचवायची सोय, तान्ह्या मुलाला ठेवायची जागा, यांबद्दल त्यांना काय म्हणायचे आहे ते लिहून घ्या. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तर पाळणाघर कायद्यानेच बंधनकारक आहे. अंतर्गत समितीची नावे आणि फोन नंबर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत, काट्याजवळ आणि स्वच्छतागृहाच्या दारावर लावा. समिती अजून नेमली नसेल तर पहिली गाडी रिकामी होण्याआधी नेमा.